पायाखालची हिरवळ खरी की प्लॅस्टिकची?

माझ्याकडे मधुमेहाच्या उपचारासाठी येणारे एक निवृत्त गुरुजी गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे कॅलिफोर्नियात गेले होते. हिरवळीवर अनवाणी चालले की डोळ्यांना थंडावा मिळतो, ही त्यांची जुनी समजूत. तिथेही एके दुपारी ते अंगणात दहा मिनिटे फिरले. संध्याकाळी सुनेने दोन्ही तळव्यांवरचे फोड पाहिले, तेव्हा त्यांना कळले! अंगणातली ती हिरवळ प्लॅस्टिकची होती.

ही हिरवळ तिथे आली पाण्याच्या टंचाईमुळे. दुष्काळ पडला तेव्हा, २०१५ साली, तिथल्या कायद्याने नगरपालिकांना आणि घरमालकांच्या संघांना कृत्रिम हिरवळीवर बंदी घालण्यास मनाई केली. पाणी वाचले, पण उष्णतेच्या आणि प्लॅस्टिकच्या बारीक कणांच्या तक्रारी वाढल्या. म्हणून २०२३ साली नगरपालिकांना बंदीचा अधिकार परत मिळाला. मिलब्रेसारख्या गावाने ती घातलीही. त्यामुळे एका गावात चालते ते शेजारच्या गावात चालेलच असे नाही. आधी चौकशी करावी लागते. मात्र ज्या गावात परवानगी आहे, तिथेही ऊन तेवढेच असते.

खरे गवत पानांतून पाण्याची वाफ सोडते, म्हणून थंड राहते. प्लॅस्टिकला ती सोय नाही. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली केलेल्या मोजणीत कृत्रिम मैदानाचे तापमान सुमारे ९३ अंश सेल्सियसपर्यंत गेलेले आढळले. हवा होती जेमतेम ३७ अंश! पाणी मारून ते थंड केले, तर वीस मिनिटांत पुन्हा सत्तरीच्या पुढे.

इतक्या तापलेल्या जागेवर निरोगी माणूस चटका बसताच पाय उचलतो. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात आणि हा इशाराच मिळत नाही. लहान मुलांची त्वचा पातळ, तीही लवकर भाजते. आपल्याकडे आता गच्चीवर, बाल्कनीत ही हिरवी चटई दिसू लागली आहे, म्हणून हे लिहिले. (पावसाळ्यात तिच्याखाली पाणी तुंबते, तेही पाहावे.) अंथरण्यापूर्वी सोसायटीला विचारावे, आणि उन्हाच्या वेळी तिच्यावर चपलेशिवाय जाऊ नये. हात टेकवून ती किती तापली आहे हे दुसऱ्याने पाहावे, मधुमेही माणसाने स्वतःच्या पायावर विसंबू नये.

भाजलेच तर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट नको. फोड फोडू नये. मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गुरुजींनी तीन दिवस घरगुती मलम लावले. जखम भरायला अडीच महिने लागले.