गाणाऱ्याची बिदागी

आपल्या चळवळीचा इतिहास लिहिला जातो तेव्हा ग्रंथांची, नियतकालिकांची, परिषदांची आणि सत्याग्रहांची नोंद होते. ज्या गळ्यांनी ही चळवळ वस्तीवस्तीत नेली, त्यांच्यासाठी शेवटचा एखादा परिच्छेद राखून ठेवलेला असतो. त्यात गौरव असतो, हिशेब नसतो. हिशेब हा शब्द मी रुपये-पैशांच्या अर्थाने वापरतो आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज गाणे मोबाइलवर वाजते. ते ऐकताना कुणाचा तरी फायदा होत असतो. तो कुणाचा होतो आणि गाणाऱ्यापर्यंत त्यातले काय पोचते, एवढाच प्रश्न मला येथे मांडायचा आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझे मामा गायन पार्टीत गात. पार्टी सात जणांची: मामा मुख्य गायक, दोन कोरसवाले, पेटी, ढोलकी, बेंजो आणि झांज. दिवसा कुणी गवंड्याच्या हाताखाली, कुणी हमालीला. रात्री जयंतीच्या नाहीतर बुद्ध पौर्णिमेच्या मंडपात. १९९६ साली शहरातल्या एका कॅसेट कंपनीने त्यांना बोलावले. एका दिवसात आठ गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्यातली पाच मामांनी स्वतः बांधलेली होती. सातांना मिळून तीन हजार रुपये मिळाले. एका कागदावर मामांची सही घेतली. कागदावर काय होते हे त्यांनी वाचले नाही, आणि प्रतही त्यांना कुणी दिली नाही. कॅसेट निघाली तेव्हा मी शाळेत होतो. साऱ्या वस्तीत ती वाजली आणि आम्हाला केवढा अभिमान वाटला!

गेल्या १४ एप्रिलला माझ्या एका विद्यार्थ्याने तेच गाणे मोबाइलवर लावले. मामा शेजारीच बसले होते. पडद्यावर आकडा होता, काही लाख वेळा ऐकल्याचा. कलाकार म्हणून भलतेच नाव होते आणि कवीची जागा रिकामी होती. मामा म्हणाले, "आवाज तर माझाच हाये. पर हे नाव कुणाचं?" मी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मामांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढचे काही महिने मी ते शोधत होतो.

आधी बिदागीचा प्रवास पाहू. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे आंबेडकरी जलसाकार गावोगाव फिरत होते, तेव्हा गाणारा आणि ऐकणारा समोरासमोर होते. वस्तीने भाकरी दिली, मुक्कामाला जागा दिली, जमली तेवढी बिदागी हातावर ठेवली. ती तुटपुंजी होती. पण कुणी दिली, कुणाला दिली, हे दोघांनाही ठाऊक होते. वामनदादा कर्डकांची पिढी अशीच जगली. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि मध्ये मालक आला. मालकामुळे गाणे दूरवर गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कॅसेटमुळेच महाराष्ट्रभर पोचला. गायकाची जात ज्यांनी कधी विचारली नसती, किंवा विचारली असती तर दार लावले असते, त्यांच्याही घरात तो सणावाराला वाजला आणि आजही वाजतो. मात्र कॅसेट कितीही खपली तरी लहान पार्टीला सहसा एकदाच पैसे मिळत. पुढे शंभर-शंभर गाणी कोंबलेल्या एमपी३ तबकड्या आल्या. त्यातल्या पुष्कळशा चोरीच्या होत्या आणि त्या आपणच हौसेने विकत घेतल्या. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या रांगेतून मीही त्या आणलेल्या आहेत. आता तबकडीही गेली. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि गाणे फुकट झाले, असे आपण म्हणू लागलो.

ते फुकट झालेले नाही. जाहिरातदार पैसे देतो किंवा वर्गणीदार पैसे देतो. कुणाचे पैसे कुणाकडे जातात हे समजायला कायद्यातली एक गोष्ट आधी लक्षात घेतली पाहिजे. एका गाण्यात तीन निरनिराळ्या मालमत्ता असतात. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, ही पहिली. ध्वनिमुद्रण ते काढणाऱ्याचे; ही दुसरी. आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचे सादरीकरण, ही तिसरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने पहिल्या दोन मानल्या. कलावंताचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि आज त्याची मुदत ५० वर्षांची आहे. कवीचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादा २००४ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत टिकणार आहे.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. १९९५ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार करारात मुदत लिहिलेली नसेल, तर तो पाच वर्षांचाच मानला जातो. मामांच्या कागदावर मुदत होती की नव्हती, हे आज कुणी सांगू शकत नाही. म्हणजे कायदा होता. तो आमच्यापर्यंत आलेला नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्द-चालीच्या रॉयल्टीतला समान वाटा कवी-संगीतकाराला मिळालाच पाहिजे. हा वाटा तो कंपनीला लिहून देऊ शकत नाही. वारसांना किंवा हक्क वसूल करणाऱ्या संस्थेला मात्र देऊ शकतो. व्यापारी वापर झाल्यास गायक-वादकालाही रॉयल्टीचा हक्क आहे. जुन्या करारांना यातले काय लागू पडते, हे वकिलाला विचारायला हवे. पण नव्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येक शाहिराला एवढे तरी माहीत असले पाहिजे.

आता मोबाइलवरचा हिशेब. वर्गणी घेऊन गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या कंपन्या सर्वांचे पैसे एका रांजणात टाकतात. आपला हिस्सा काढून घेतात आणि उरलेले एकूण किती वेळा काय ऐकले गेले या प्रमाणात वाटतात. समजा, दोनच वर्गणीदार आहेत आणि दोघेही १०० रुपये देतात. एकाने महिनाभरात ९०० वेळा चित्रपटगीते लावली. मी १०० वेळा भीमगीते लावली. कंपनीने २०० पैकी ६० ठेवले, उरले १४०. ते हजार वेळांत वाटले म्हणजे एका वेळेचे १४ पैसे. भीमगीतांना १४ रुपये मिळाले. माझ्या वर्गणीतले कंपनीचा हिस्सा सोडून ७० रुपये होते; त्यातले ५६ रुपये मी कधीच न ऐकलेल्या चित्रपटगीतांना गेले. आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे. ज्याने जे ऐकले त्यालाच त्याचे पैसे, अशी दुसरी रीत साउंडक्लाउडने २०२१ मध्ये काही कलावंतांसाठी सुरू केली. मोठ्या बाजाराची रीत मात्र रांजणाचीच राहिली.

शिवाय उंबरठा आहे. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला की, मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणापोटी काहीच मिळणार नाही. आपले गाणे हंगामी. एप्रिलमध्ये, दसऱ्याला, डिसेंबरात ते वाजते. एरवी गप्प असते. तालुक्याच्या पार्टीला हा उंबरठासुद्धा उंच. आणि तो ओलांडला तरी पैसे जातात ते ज्याच्या नावावर ध्वनिमुद्रण चढवले आहे त्याच्याकडे. मामांच्या गाण्याला लाखोंचा आकडा आहे. मामा रात्रपाळीचे वॉचमन आहेत.

येथे आपलेच कार्यकर्ते एक आक्षेप घेतात. गाणे हे चळवळीचे काम आहे, त्याचा बाजार कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. कर्तव्य म्हणून राबायचे आणि मोल मागायचे नाही, ही व्यवस्था आपल्याला नवी नाही. तिचे नाव वतन होते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, ते याच व्यवस्थेविरुद्ध. ठरलेला पगार नाही, ठरलेले काम नाही, गाव देईल ते बलुते. यातून माणूस मिंधा होतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने गावकीची ही कनिष्ठ वतने गेली. मग आपल्या शाहिराला आपणच नव्या वतनावर का ठेवावे? मंडप घालणाऱ्याला आपण पैसे देतो. डीजेवाल्याला आगाऊ देतो. शाहिराला शाल, नारळ आणि "समाजासाठी एवढं करा" हे वाक्य देतो. विठ्ठल उमप २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच कोसळले आणि गेले. या निष्ठेला आपण नमन करतो. पण दुसऱ्याच्या निष्ठेवर आपण किती दिवस फुकट ऐकायचे?

तेव्हा पगारदार झालेल्या आपल्या वर्गाने काय करावे? माझ्या परीने सांगतो. पहिली गोष्ट, मोबाइलवर ऐकणे मी सोडलेले नाही, सोडा असेही म्हणत नाही. पण ज्याचे गाणे वर्षभर ऐकतो, तो हयात असेल तर त्याचा क्रमांक मिळवून यूपीआयने थेट पैसे पाठवतो. माझ्या खात्यातून निघालेले १०० रुपये त्याच्या खात्यात १०० च पोचतात. मध्ये रांजण नाही. दुसरी गोष्ट, पार्टीने आपले ध्वनिमुद्रण स्वतः विकावे आणि आपण ते घ्यावे. २००८ पासून चालणारे बँडकॅम्प हे या रीतीचे जगभर माहीत असलेले उदाहरण. कलावंत स्वतः किंमत ठरवतो, ऐकणाऱ्याला फाइल कायमची मिळते, आणि विकणारी कंपनी अशा विक्रीत १५ टक्के घेते. तेथला व्यवहार पेपालमधून होतो आणि पेपालने भारतातल्या भारतात पैसे पोचवणे २०२१ मध्ये बंद केले. म्हणून परदेशी असलेल्या आपल्या बांधवांना तो मार्ग उपयोगी. येथे पेन ड्राइव्ह, फाइल आणि यूपीआय पुरेसे आहे. तिसरी, जयंती समितीने शाहिराशी दोन ओळींचा का होईना लेखी करार करावा. निम्मी रक्कम सुपारी ठरताना, उरलेली कार्यक्रम संपताच. चौथी, गीतकारांनी आणि दिवंगत कवींच्या वारसांनी कवी-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेचे सभासदत्व घ्यावे. १९६९ पासून ही संस्था आहे. अर्ज भरायला आपल्या शिक्षकांनी मदत करावी.

पाचवी गोष्ट मला सर्वांत निकडीची वाटते. घराघरांत जुन्या कॅसेटी सडत आहेत. टेपची फीत बुरशीने चिकटते आणि मग आवाज कायमचा जातो. चालू टेपरेकॉर्डर, त्यातून संगणकात जाणारी एक तार आणि ऑडॅसिटी हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर, एवढ्यावर काम होते. आधी फीत पुढे-मागे एकदा फिरवून घ्यावी, हेड स्पिरिटने पुसावे. मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात ठेवावी. तासाभराच्या कॅसेटला वेव्हमध्ये सुमारे ६०० एमबी लागतात. फ्लॅकमध्ये आवाज तसाच राहून जागा बरीच वाचते. एमपी३ केवळ ऐकण्यासाठी करावी. तिच्यात आवाजाचा काही भाग गाळलेला असतो. आणि फाइलमध्ये नावे लिहावीत: कवी, चाल, गायक, कोरस, ढोलकी, पेटी, गाव, साल. अशी प्रत घरी ऐकायला आणि अभ्यासाला ठेवावी. परवानगीवाचून इंटरनेटवर चढवू नये, नाहीतर कंपनीने केले तेच आपण केल्यासारखे होईल. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे प्रकल्प म्हणून दिले आहे. कोणत्या कॅसेटवर ढोलकी कुणाची, हे सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत. दहा वर्षांनी ती नसतील.

यंदा एका रविवारी आम्ही माझ्याच घरी मामांना गायला बसवले. पार्टीतले तिघे हयात आहेत. कॅसेटवर न आलेली त्यांची तीन गाणी घेतली, १०० रुपयांना फाइल ठेवली. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून ४२ जणांनी घेतली. पैसे द्यायला गेलो तेव्हा मामांनी विचारले, "मदत म्हणून देतो का गाण्याचे?" मी म्हणालो, गाण्याचे. मग त्यांनी ४,२०० रुपये मोजून घेतले आणि त्याचे सात वाटे केले, प्रत्येकी ६००. तिघांनी आपापले घेतले. उरलेले चार, गेलेल्या चौघांच्या घरी मी पोचवून आलो. ढोलकीवाल्यांच्या पत्नीने पाकीट हातात घेऊन पुन्हा पुन्हा विचारले की हे कशाचे. नवऱ्याच्या वाजवण्याचे पैसे घरी येऊ शकतात, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

आपल्या प्रत्येकाच्या गावात अशी दारे आहेत. ती कोणती, हे आपल्यालाच माहीत आहे. कोणत्याही कंपनीला ते माहीत असणार नाही.