ओल्या रेतीचा रंग

सकाळी 6.10
जत्रेच्या जादा गाडीतून काका उतरतात. जामसंड्याचे. एका हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर गोणपाट नि मोडकी छत्री. महाशिवरात्र काल झाली, तरी कुणकेश्वराच्या रांगेचं शेपूट अजून रस्त्यावर आहे. काका रांगेकडे बघत नाहीत. लोकांच्या पायांकडे बघतात.

6.45
जागेची पावती शंभर रुपये. गोणपाट पसरलं. वर तीन तोंडांची लोखंडी ऐरण, रापी, दोन आऱ्या, मेण लावलेला दोरा, सोल्यूशनची डबी. पॉलिशच्या डब्या मात्र वेगळ्या फडक्यात: काळी, ब्राउन, टॅन, मरून, बिनरंगाची. शिवाय कॅनव्हासच्या बुटांना लावतात तो पांढरा रंग. छत्री दोनदा हलवली. ऊन पाठीवर घ्यायचं, काम सावलीत ठेवायचं. जवळच ट्यूब लावलेला स्टॉल होता, तिथे बसले नाहीत. “ट्यूबच्या उजेडात रंग खोटो दिसता.”

8.00
चपला. नुसत्या चपला. टाका वीस रुपये, अंगठा तीस. रेतीत चालून अंगठे उपटतात, काकांची बोहनी होते. एक कोल्हापुरी आली. काकांनी तिची कापलेली कड माझ्याकडे वळवली. आतपर्यंत तपकिरी. बाभळीची साल नि हिरडा यांत कमावलेलं कातडं असंच असतं. मग एका बुटाची कड दाखवली. वर तपकिरी, पोटात निळसर करडी. ते क्रोमचं. वरून दोन्ही सारखेच दिसत होते.

10.20
मुंबईची एक बाई. हातात पर्स, पट्ट्याची शिवण उसवलेली, कोपरा खरचटून पांढरा पडलेला.
“काका, ग्रे पॉलिश आहे?”
काकांनी पर्स उन्हात धरली, मग सावलीत. झाकण उचललं नि घडीच्या आत बोट घातलं. तिथे ना ऊन लागलेलं, ना हाताचं तेल. मूळ रंग तिथेच सापडतो.
“ह्यो ग्रे न्हय, बाय. ह्यात माती आसा. ओल्या रेतीचो रंग.”
“एतूप म्हणतात त्याला,” बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “कॉपी आहे हो. आठ हजारांची.”

अस्सल म्हणजे एर्मेस या फ्रेंच कंपनीची. मुंबईत हॉर्निमन सर्कलला 2011 पासून त्यांचं दुकान आहे, आणि तिथल्या पर्सला काही लाख मोजावे लागतात. त्यांचा एतूप म्हणजे करड्यातला तपकिरी, त्यावर पांढरी शिवण. शेजारचा रंग एतँ. तो जास्त गडद, शुद्ध करड्याकडे झुकलेला, आणि शिवणही त्याच रंगाची. कातड्यावरून कळलं नाही तर दोऱ्यावरून कळतं. फ्रेंचमध्ये एतँ म्हणजे कथील, आपल्या कल्हईतलं. आणि एतूप म्हणजे जवस-भांगेच्या तंतूंचा चोथा, होडीच्या फळ्यांच्या फटीत ठासतात तो. आपल्याकडे तिथे कापूस ठासतात. काकांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. “मगे बरोबर नाव दिल्यानी,” म्हणाले.

त्यांची स्वतःची नावं वेगळी आहेत. सुक्या रेतीचा, ओल्या रेतीचा, सुपारीचा, नाचणीचा, आमसुलाचा.

10.50
आधी शिवण. पर्स यंत्रावर शिवलेली. एक टाका तुटला की पुढचे सुटत जातात. काकांनी दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया घातल्या, आरीने भोक पाडलं, दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर काढल्या. असा एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. एर्मेसचे कारागीरही हाताने शिवतात तेव्हा असंच शिवतात. चाळीस रुपये.

11.30
काचेच्या तुकड्यावर पांढरा, त्यात काडीच्या टोकाने काळा. करडा झाला. त्यात टॅन. लगेच हिरवट झाक आली. काळ्यात पिवळट रंग गेला की येतेच. मग मरूनचा इवलासा ठिपका. हिरवा मेला. पर्सच्या तळाला एक बोट लावून बघितलं.
बाई म्हणाल्या, “जुळला!”
“आता नाय. सुकांदे.”
ओला रंग गडद दिसतो. सुकल्यावर खरंच फिका पडला. पुन्हा ब्राउन. पुन्हा वाट. बाई दर्शनाला गेल्या.

1.15
चपाती, वाटाण्याची उसळ, ताक. जेवताना पर्स फडक्याखाली.

3.40
चौथ्या हाताला कोपरा दिसेनासा झाला. वर बिनरंगाचं पॉलिश, मग फडकं. बाई आल्या. कुठला कोपरा होता, ते त्यांना आठवून शोधावं लागलं. रंगाचे एकशे वीस झाले. त्यांनी शंभर दिले, काकांनी घेतले.

मला हा सौदा पटला नाही. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

6.50
दिवे लागले. एक मुलगा तपकिरी बूट घेऊन आला, शिवण उसवलेली, टाच घासलेली. काकांनी शिवण करून दिली, रंगाला नाही म्हणाले. “रंगाचा काम उद्या सकाळी.” मुलगा दुप्पट देत होता. रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचं होतं त्याला.

7.30
गल्ला बाराशे दहा. जागा शंभर, एसटी साठ, चहा-भजी पन्नास. हातात हजार. काचेवरचा ओल्या रेतीचा रंग पुसला नाही, तुकडा तसाच कागदात गुंडाळून पेटीत गेला. जत्रा अजून एक दिवस आहे.