होड्यांची शर्यत

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला रेल्वेने पाणी आणले होते, हे तुम्ही घरी ऐकले असेल. ते पाणी मिरजेहून येत असे. मिरजेजवळच कृष्णा नदीच्या काठी सांगली शहर आहे. तेथे पावसाळ्यात लाकडी होड्यांच्या शर्यती होतात. सांगलीवाडी, कवठेपिरान अशा गावांचे बोट क्लब त्यांत उतरतात आणि नदीकाठी लोकांची गर्दी होते.

उर्दूत आपण जिला कश्ती म्हणतो ती होडी, आणि चप्पू म्हणजे वल्हे. वल्हे पाणी मागे ढकलते, म्हणून होडी पुढे जाते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच! पण एकाचे वल्हे लवकर आणि दुसऱ्याचे उशिरा पडले, तर वल्ही एकमेकांवर आपटतात, होडी डुलते आणि वेग जातो. उजवीकडे जोर जास्त लागला, तर होडी डावीकडे वळते. म्हणून नुसते दंड बळकट असून भागत नाही; सर्वांची वल्ही एका ठेक्यात पडावी लागतात.

होडी किती माणसे पेलते, हेही नावाड्याने ओळखावे लागते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ गावी लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. अनेकांचे प्राण गेले. माणसे जास्त झाली की होडीची कड पाण्याजवळ येते. मग एखादा जरासा झुकला तरी पाणी आत शिरते. गोदावरीवर कधी होडीत बसण्याचा योग आला, तर आधी ही कड पाहा. ती पाण्याला टेकू लागली असेल, तर उतरा आणि पुढच्या फेरीने जा.