रंग कोणी काढायचा?

नागपूरच्या मनीषनगरातल्या इमारतींच्या फाटकाशी रोज सकाळी कचरागाडी थांबते, डबे रिकामे होतात, गाडी पुढे जाते. गाडीवरच्या माणसाचा चेहरा आठवा म्हटले तर बहुतेकांना आठवणार नाही. फार तर त्याच्या जाकिटाचा भडक रंग आठवेल. सुधारक ओलवे यांची मुंबईच्या सफाई कामगारांवरची छायाचित्रे नेमके याच ठिकाणी बोट ठेवतात. अकोल्यात 1966 साली जन्मलेले ओलवे 1988पासून वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढत आले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांसोबत कॅमेरा घेऊन फिरू लागले. हे कामगार जवळजवळ सगळे दलित. मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस, अंगावरून ओघळणारा मैला, आणि कामगारांची घरे, त्यांच्या घरची माणसे, हे सारे कृष्णधवल. पुढे 2016 साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली. पण वर्तमानपत्रे भराभर रंगीत होत होती त्याच काळात या माणसाने रंग का टाळला, हे नीट पाहायला हवे.

एक कारण अगदी व्यवहारी असते. गटारात आणि रात्रपाळीत उजेड नसतो. कृष्णधवल फिल्म धुताना जास्त वेळ ठेवून कमी उजेडातही चित्र काढता येई, रंगीत फिल्मला ते फारसे मानवत नसे. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरे कारण. मैल्याचा रंग दिसला की पाहणाऱ्याला किळस येते, आणि किळस आली की नजर वळते. आपल्याकडे ही किळस मैल्यापाशी थांबत नाही, तो उपसणाऱ्या माणसाला चिकटते. शिवाशिवीचा सारा इतिहास या चिकटण्याचाच आहे. रंग काढला की मैला उरतो तो फक्त ओला, जड, करडा पदार्थ. मग डोळा वर सरकतो आणि कामगाराच्या चेहऱ्यावर येऊन थांबतो. पळवाट बंद होते. म्हणून या विषयात कृष्णधवल ही निव्वळ शैलीची हौस ठरत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की रंग काढल्याने दुःख देखणे होते आणि ते देखणेपण दिवाणखान्यात टांगले जाते. ब्राझीलच्या सेबास्तिओ साल्गादो यांनी सेरा पेलादाच्या सोन्याच्या खाणीत 1986 साली काढलेल्या छायाचित्रांवरून हा वाद जगभर झाला. आक्षेपात तथ्य आहे. त्या खाणीच्या दूरवरून घेतलेल्या चित्रांत हजारो माणसे मुंग्यांसारखी दिसतात, आणि प्रेक्षक दाद देतो ती रचनेला. पण दोष देखणेपणाचा म्हणता येणार नाही, अंतराचा आहे. कामगाराच्या हातभर अंतरावर उभे राहून, प्रकाश त्याच्या चेहऱ्यावर मोजून, मागची भिंत पांढरी फटक पडली तरी पडू देणारे चित्र देखणे असले, तरी ते त्या माणसालाच पुढे आणते. शिवाय कामावरच्या चित्राशेजारी घरातले चित्र आले की ‘बिचारा’ म्हणून सुटका करून घेणे अवघड होते.

याहून जड आक्षेप नागपूरच्याच दप्तरातून निघतो. नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी या प्रांताच्या जाती-जमातींवर चार खंड लिहिले. ते 1916 साली प्रसिद्ध झाले. त्यांतही कृष्णधवल छायाचित्रे आहेत. प्रवासाला निघालेले गोंड, धान्य दळणाऱ्या गोंड बाया अशा त्यांच्याखालच्या ओळी. जात आहे, काम आहे, माणसाचे नाव नाही. 1857च्या उठावानंतर सरकारने काढलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांच्या मालिकेतही (1868 ते 1875) माणूस बहुधा नमुना म्हणूनच उभा केलेला आहे. त्यातून त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचपट्ट्यांना निळा उजेड कळे, तांबूस कळत नसे. त्यामुळे गव्हाळ-सावळी कातडी होती त्याहून काळी उमटे. (कॅमेरा खोटे बोलत नाही म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.) म्हणजे कृष्णधवल आपोआप सन्मान देते असे मानायला जागा नाही. त्याच काळ्या-पांढऱ्याने माणसांची वर्गवारीही केली.

मग फरक कशाने पडतो? माझ्या मते चित्रातल्या माणसाचा त्यात किती शब्द चालतो, यावर. नाव छापणे हा त्याचा एक भाग, पण नावही विचारूनच छापले पाहिजे. आपण गटारात उतरतो हे मुलांच्या शाळेत कळू नये, असे वाटणारे आईबाप असतात. रंगाचेही तसेच. मनीषनगरातून वर्धा रोडने शहरात गेले की दीक्षाभूमी फारशी लांब नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथे दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो लोक येतात. निळे झेंडे, निळे फेटे, पांढरी लुगडी. तो निळा या लोकांनी स्वतः निवडलेला आहे. त्या गर्दीतल्या आजीचे चित्र ‘गंभीर’ दिसावे म्हणून कोणी करडे केले, तर तिने कमावलेली गोष्टच काढून घेतली असे होईल. गटारातला रंग माणसावर लादलेला असतो, दीक्षाभूमीवरचा त्याने अंगावर घेतलेला. एकाच माणसाची ही दोन चित्रे एकाच पद्धतीने काढता येत नाहीत, आणि छायाचित्र-स्पर्धेसाठी सरसकट कृष्णधवल करणाऱ्यांना हे कळत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

चित्रांनी काय बदलले, असेही विचारले जाते. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा सध्याचा कायदा 2013चा. गटारात जीव गेल्यास कुटुंबाला 10 लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले आणि 2023 साली ती रक्कम 30 लाख केली. हे श्रेय कामगारांच्या संघटनांच्या लढ्याचे. छायाचित्रांच्या पदरात ते टाकण्यात अर्थ नाही.

येत्या अशोक विजयादशमीला नागपुरातले अनेक हौशी छायाचित्रकार कॅमेरे घेऊन दीक्षाभूमीवर जातील. त्यांना एवढीच विनंती, की ज्याचे चित्र काढाल त्याला आधी विचारा, निळा निळाच ठेवा, आणि छापलेली एक प्रत त्याच्या घरी पोचती करा.