मेणबत्त्यांच्या उजेडातले न्यूयॉर्क
सीबीएस या अमेरिकी वाहिनीने 1987 ते 1990 या काळात दाखविलेल्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या मालिकेत, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींखालील भुयारांत राहणारा सिंहमुखी व्हिन्सेंट (रॉन पर्लमन) आणि वर सरकारी वकिलांच्या कचेरीत फौजदारी खटल्यांची दप्तरे चाळणारी कॅथरिन (लिंडा हॅमिल्टन) यांच्यातील अंतर प्रथम दृष्टीस पडते ते प्रकाशामुळेच : वरच्या जगाला विजेचे दिवे, खालच्या जगाला मेणबत्त्या. व्हिन्सेंटच्या दालनात, पुस्तकांच्या राशींलगत, त्या वितळत, ओघळत तेवत असतात. आणि विद्रूप म्हणून जगापासून लपविलेले त्याचे मुख त्या मंद प्रभेत भयाचा नव्हे, करुणेचा विषय होते. ज्योतीचे हे कार्य मला शृंगाराच्या नित्याच्या सजावटीहून पुष्कळच थोर वाटते.

या प्रतीकाचा परमोत्कर्ष मात्र हिवाळी उत्सवाच्या प्रसंगात आहे. भुयारवासीयांना गुप्तपणे साहाय्य करणाऱ्या वरच्या लोकांकडे निमंत्रण म्हणून जाते ती हाताने घडविलेली मेणबत्ती. महादालनात सर्व जण आधी निबिड अंधारात जमतात, आणि मग ज्योतीवरून ज्योत लागत दालन उजळते. तेल आणि प्रेम या दोहोंना ‘स्नेह’ हा एकच शब्द असलेल्या भाषेच्या वाचकास याचा अर्थ फोडून सांगणे नको.

पडद्यावर मात्र ही ज्योत फार काळ तेवली नाही : तिसऱ्या पर्वाच्या आरंभी कॅथरिनचा मृत्यू दाखविला गेला; त्यानंतर अल्पकाळातच मालिका बंद पडली.