खडूची लंबगोल रेघ

१९९५च्या जूनमध्ये मी बालवर्गाला शिकवायला लागले, तेव्हा वर्गाच्या फरशीवर पिवळ्या रंगाची एक लंबगोल रेघ होती. ती कुणी आखली कोण जाणे, कडा झिजून गेल्या होत्या. रोज सकाळी प्रार्थना झाली की मुलं तिच्यावरून एकामागून एक चालायची, पुढच्या पावलाची टाच मागच्या अंगठ्याला भिडवत. मला वाटायचं, मुलांना गप्प करायची ही बालवर्गाच्या ताईंची युक्ती आहे. तो अभ्यास आहे हे कळायला मला पाच-सहा वर्षं लागली.

रेघेचं मूळ रोममध्ये आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी आपलं पहिलं बालगृह सुरू केलं. कठड्यावरून, बांधावरून चालायची ओढ प्रत्येक मुलात असते. माँटेसरींच्या पद्धतीत तिला वर्गातच जागा मिळाली. आधी नुसती रेघ. मग हातात झेंडा, मग काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला, मग घंटा, आणि ती वाजता कामा नये. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या आणि हा विचार आपल्याकडे आला. १९४५मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि १९५७पासून काम कोसबाडच्या टेकडीवर सुरू झालं. तिथल्या वारली मुलांना तोल शिकवायची गरजच नव्हती. झाडावर चढणं, बांधावरून पळणं त्यांच्या अंगातच होतं. शाळाच त्यांच्या अंगणात गेली. माझ्या वर्गातल्या मुलांना मात्र अंगण नव्हतं, आणि जून ते सप्टेंबर तर गॅलरीचंही दार बंद. त्यांच्यासाठी ती रेघच बांध होती.

एक मुलगा सारखा बाकावर मान टाकायचा, गोष्ट सुरू झाली की खुर्चीतून घसरायचा. मी त्याला खूप रागावले. आज त्याचं फार वाईट वाटतं. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं कुठे आणि किती वळलं हे त्या मेंदूला कळवतात. स्नायू आणि सांधे हात-पाय कुठे आहेत ते सांगतात. हे निरोप अजून नीट जुळले नसले, तर ताठ बसण्यातच मुलाचं लक्ष खर्ची पडतं. गोष्टीसाठी उरणार काय? हे कळल्यावर त्या वर्षी मी त्याला रोज रेघेवर, उशांच्या डोंगरावर, जमिनीवर ठेवलेल्या फळीवर चालवलं. त्याचं अक्षर काही सुंदर झालं नाही. पण दिवाळीनंतर तो गोष्ट संपेपर्यंत बसू लागला, आणि पुढे काय झालं ते विचारू लागला.

नंतर एका श्रावणात एका मुलीची आजी वर्गात आली आणि तिने मंगळागौरीचे खेळ घेतले. ओल्या दिवसांत, घरातल्या घरात, चार हातांच्या जागेत बायकांनी किती शहाणपण जपलं होतं! फुगडीत गरगर फिरून थांबायचं आणि न पडता उभं राहायचं. बसफुगडीत उकिडवं बसून पाय आलटूनपालटून पुढे टाकायचे. झिम्म्यात उजवा हात समोरच्याच्या उजव्या हाताला भेटायला शरीराच्या मधून पलीकडे जातो. त्या दिवसापासून श्रावण आमच्या वर्गाचा हक्काचा महिना झाला.

मधल्या काळात शिक्षकांच्या शिबिरांत ब्रेन जिमचं वारं आलं. ठरावीक हालचाली केल्या की मेंदूचे दोन भाग जोडले जातात आणि वाचन सुधारतं, असं ठासून सांगायचे. त्या दाव्याला भक्कम पुरावा नाही. तोल सांभाळल्याने बाराखडी येत नाही. तोल सांभाळता आला की बाराखडीकडे बघायला मूल मोकळं होतं, एवढंच मी म्हणेन, आणि तेवढं मला पुरेसं आहे.

पुढे वर्गात चकचकीत फरशी आली आणि पिवळी रेघ गेली. वह्या आल्या. पालक विचारू लागले, ‘लिहायला कधी घेणार?’ मी रंगीत चिकटपट्टीने रेघ पुन्हा आखली; ती दर आठवड्याला उखडायची.

मग मार्च २०२० आला, कोरोनाची टाळेबंदी आली. जवळजवळ दोन वर्षं बालवर्ग बंद राहिले. नंतर आलेली चार-साडेचार वर्षांची काही मुलं एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून जिना चढत होती, लंगडी घालताना तिसऱ्याच उडीला भिंत धरत होती. दोष त्यांचा नव्हता. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि पडद्यासमोर एका तासाहून जास्त बसू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्येच सांगितलं होतं. ती मुलं वाढत होती बंद घरात, मोबाइलसमोर. त्या वर्षी मी पहिले दोन महिने पाटी बाजूला ठेवली. चुकलं असं मला आजही वाटत नाही.

या एप्रिलमध्ये मी निवृत्त झाले. ज्यांच्या घरी तीन ते सहा वर्षांचं मूल आहे त्यांच्याकडे एक मागणं आहे. आज संध्याकाळी फरशीवर खडूने एक लंबगोल आखा. मुलाच्या हातात भरलेला पेला द्या आणि ‘सांडू नकोस’ असं म्हणू नका. पुसायचं फडकं जवळ ठेवा, आणि त्याच्या मागोमाग तुम्हीही चाला.