नटाला बसेल तोच पाना

डोंबिवलीजवळच्या कोपरमधल्या जुन्या इमारतीच्या जिन्याखाली डोकावलं, तर दोन घराण्यांच्या सायकली शेजारी शेजारी टेकलेल्या दिसतात. एक काळी, उंच, दांड्याची. मागे कॅरियर, खाली दणकट स्टँड. दूधवाला किंवा इस्त्रीवाला ती आजही रोज बाहेर काढतो. दुसरी रंगीत, गिअरची, पुढे शॉकर असलेली. मुलगा दहावीत गेला आणि ती तिथेच राहिली. दोन्ही चाकं बसलेली, चेन तांबूस. एका अंगाला खाडी आणि वर चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे उभ्या लोखंडाला गंज चढायला इथे दुसरं निमित्त लागत नाही. पण अशा सायकलीचं दुखणं बहुतेक वेळा किरकोळ असतं. ट्यूब बसलेली, ब्रेकची वायर सैल, चेन सुकलेली. हे सगळं घरच्या घरी निघतं. लोक अडतात ते हाताच्या कसबापेक्षा हातातल्या पान्यावर.

काळ्या सायकलीचं मूळ इंग्लंडमध्ये. मुंबईत वरळीला हिंद सायकल, मद्रासजवळ अंबत्तूरला 1949 साली टीआय सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले. या कारखान्यांनी इंग्रजी सायकलीचा नमुना उचलला आणि त्याबरोबर इंचातली मापंही आली. पुढे लुधियानाने तीच सायकल गावोगाव पोचवली. म्हणून तिच्या मागच्या चाकाचा एक्सल 3/8 इंचाचा, आटे इंचाला 26, आणि क्रँक कॉटर पिन ठोकून बसवलेली. रंगीत सायकल मिलिमीटरची. तिचा बराचसा संसार 4, 5 आणि 6 नंबरच्या अॅलन कीवर उघडतो. एकाच पान्याने दोघींचं भागेल असं धरून चाललं, की नटाचे कोपरे झिजतात आणि कोपरे गेलेला नट मग कुठल्याच पान्याला दाद देत नाही. म्हणून घरी दुरुस्ती करणाऱ्याने काही विकत घेण्याआधी आपली सायकल कुठल्या घराण्याची, हे नीट पाहावं.

टायरच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. दुकानात ‘26 ची ट्यूब-टायर द्या’ म्हणून भागत नाही. लेडीज सायकलीच्या 26 × 1⅜ टायरची रिमवर बसणारी कड 590 मिलिमीटर व्यासाची असते. माउंटन पद्धतीच्या 26 × 1.75 ची 559. कागदावर दोन्ही 26, प्रत्यक्षात 31 मिलिमीटरचा फरक. एक दुसऱ्याच्या रिमवर कधीच बसणार नाही. काळ्या 28 × 1½ टायरचा हाच आकडा 635, तर हल्लीच्या 700सी आणि 29 इंची सायकलींचा 622. टायरच्या कडेवर हे आकडे बारीक अक्षरांत उमटवलेले असतात. ते वहीत लिहून मग दुकानात जावं.

पंक्चर काढणं ही या कामातली पहिली इयत्ता. त्यासाठी दोन टायर लिव्हर, कानशीचा तुकडा, रबराची तयार ठिगळं, सोल्युशन आणि पाण्याचं घमेलं एवढं पुरतं. लिव्हरऐवजी स्क्रू ड्रायव्हर घातला, तर एक भोक बुजवताना दुसरं पडतं. काळ्या सायकलीची हवा गेली असेल तर घमेल्याआधी वॉल उघडून पाहावा. आतली इवलीशी रबरी वॉल ट्यूब कुजलेली निघते आणि नवी चढवली की काम संपतं. खरं पंक्चर असेल तर ते वॉलपासून किती अंतरावर आहे ते ध्यानात ठेवावं आणि टायरच्या आतून त्याच जागी बोटं जपून फिरवावीत. काटा किंवा काचेचा कण तिथेच रुतलेला असतो; तो न काढता चाक चढवलं तर संध्याकाळी हवा पुन्हा जाते. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नये. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटलं आणि ट्यूब रिमवर चिमटली, एवढाच त्याचा अर्थ. सोल्युशन लावल्यावर ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं आणि मग ठिगळ दाबायचं. घाईत इथेच सगळं बिघडतं.

पान्यांच्या खरेदीत माझं मत स्पष्ट आहे. थोडे घ्यावेत, पण चांगल्या पोलादाचे घ्यावेत. नाशिकच्या सातपूरमधली टपारिया 1969 पासून हाताची अवजारं बनवते, आणि तिचे पाने डोंबिवलीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत सहज मिळतात. 10 ते 15 मिलिमीटरपर्यंतचे दुतोंडी पाने (काळ्या सायकलीला इंचांतले), अॅलन कीचा संच, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि उभा पंप एवढ्यात वर्षभराची कामं होतात. जोडीला फूटभर पोलादी पट्टी ठेवावी. चेनच्या दोन पिनांत अर्धा इंच अंतर असतं. म्हणजे चोवीस अंतरं मोजली की बरोबर 12 इंच भरायला हवेत. शेवटची पिन 1/16 इंचाने पुढे गेली तर चेन बदलायची वेळ झाली. 1/8 इंचाने गेली असेल तर चेनने दातेही खाल्ले असं समजावं. त्यापुढची खास अवजारं हवी असतील तर लोकल पकडून मशीद बंदरला उतरावं आणि नागदेवी स्ट्रीट पालथी घालावी. सायकलीचे सुटे भाग काळबादेवीला मिळतात.

खास अवजारांत दोन मला मोलाची वाटतात. पहिलं कोनचा पाना. हबमधले छर्रे ज्या कोनवर फिरतात, त्याला पाना धरायला जेमतेम दोन मिलिमीटरची जागा असते. साधा जाड पाना तिथे शिरतच नाही. कोन फार आवळला तर छर्रे चुरडतात, सैल राहिला तर चाक डुगडुगतं. हब खोलताना खाली फडकं अंथरावं: मागच्या चाकात पाव इंची छर्रे दोन्ही बाजूंना नऊ-नऊ, पुढच्यात 3/16 इंची दहा-दहा. दुसरं अवजार स्पोक की. चाकाचा आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढणं ही फक्त कारागिराची विद्या, अशी समजूत आहे. पण थोडासा आउट कुणालाही काढता येतो. सायकल उलटी करावी, चाक फिरवावं, रिम कुठल्या ब्रेक शूला घासते ते पाहावं. उजवीकडे घासत असेल तर त्या जागी डाव्या बाजूच्या हबमधून आलेले आरे पाव फेरा आवळावेत आणि उजवीकडचे तेवढेच सोडावेत. पाव फेऱ्याच्या वर जायचं नाही. आऱ्यांच्या गंजलेल्या निपलांना आदल्या रात्री तेलाचा थेंब द्यावा. चाक हळूहळू सरळ होताना पाहण्यात जो आनंद आहे, तो या सगळ्या कामात मला सर्वांत मोठा वाटतो.

पायडलने अनेकांना चकवलं आहे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. तसे नसते तर पाय मारता मारता ते आपोआप सुटून आलं असतं. पाना पायडलवर उभा धरून वरचं टोक मागच्या चाकाकडे ओढलं, की दोन्ही बाजूंची पायडलं सुटतात. कॉटर ठोकणं, फ्रीव्हील उतरवणं, बॉटमचे कप काढणं ही कामं मात्र खुशाल कारागिराकडे न्यावीत. नाक्यावरच्या टपरीवर आता मोटारसायकलीच जास्त उभ्या दिसतात, पण तिथल्या माणसाच्या हाताला आवळण्याचं जे मोजमाप कळतं ते पुस्तकातून येत नाही. अशा कारागिराचं पोट भरत राहिलं पाहिजे. वर्षातून एकदा ओव्हरऑईल त्याच्याकडूनच करून घ्यावं आणि शेजारी उभं राहून नीट पाहावं.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी आपल्या घरीच सायकलींचं संग्रहालय उभं केलं. 2017 साली ते लोकांना खुलं झालं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनलेली बीएसएची घडीची सायकलही तिथे आहे. अशा जुन्या इंग्रजी सायकलींच्या सीटमागे चामड्याची छोटी पिशवी असे, तिच्यात डंबेलच्या आकाराचा, अनेक मापांचा एक पाना आणि पंक्चरचं सामान. चालवणाऱ्याला दुरुस्ती यायलाच हवी, हे तेव्हाचे कारखाने गृहीत धरत. मुलाला सायकल घेऊन देताना आपण हेल्मेट घेतो, घंटी घेतो, कुलूप घेतो; पाना घेत नाही.

एका घराला कोनचा पाना वर्षातून एकदा लागेल, स्पोक की दोनदा. प्रत्येकाने ते विकत घ्यायचं काही कारण नाही. कोपरच्या सोसायट्यांनी वॉचमनच्या केबिनमध्ये एक लोखंडी पेटी ठेवावी: उभा पंप, दोन कोनचे पाने, स्पोक की, टायर लिव्हर, ठिगळं, सोल्युशन, तेलाची बुधली. कुणी काय नेलं त्याची वही ठेवावी. पावसाळा संपला की एका रविवारी जिन्याखालच्या सगळ्या सायकली अंगणात काढाव्यात आणि मुलांच्या हातात पाने द्यावेत. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय जरूर मांडा.